ग्रिलच्या पलीकडचं

कोकणात गुहा धुंडाळत फिरते असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "म्हणजे लेणी का?" आणि लगेच दुसरा, "साप असतात ना हो तिथे?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर असतात, पण आपल्याला वाटतं तेवढा त्यांना आपल्यात इंटरेस्ट नसतो. तिसरा प्रश्न फक्त आई विचारते आणि तो २०१८ पासून सुरू झालाय, थायलंडमधे थाम लुआंगच्या गुहेत ती बारा पोरं आणि त्यांचा कोच पाण्यामुळे अडकले ना, तेव्हापासून मी सॅक भरायला घेतली की ती स्वयंपाकघरातून ओरडते, "पाऊस नाही ना गं तिकडे?" भर फेब्रुवारीतसुद्धा. आधी मी हसायचे. आता मला वाटतं तिघांत शहाणा प्रश्न तिचाच आहे, कारण गुहेत माणसाला खरा धोका सापाचा नाही, भुताचा तर नाहीच, पाण्याचा असतो. आणि कोकणातली गुहा मुळात पाण्यानेच केलेली असते.

लेण्यांचं वेगळं. दापोलीजवळ पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत, महाडजवळ गांधारपाले, मांदाडच्या खाडीवर कुडा, ही सगळी माणसानं छिन्नी घेऊन, मोजून मापून केलेली. आत उजेड किती येईल याचासुद्धा विचार केलेला असतो. नैसर्गिक गुहेला तुमचा विचार करायचं काही कारणच नाही. ती कुठे गुडघाभर उंच असते, कुठे अचानक डोक्यावर दोन माणसं उभी राहतील एवढी, आणि कुठे तुम्ही श्वास सोडला तरच पुढे सरकता.

गुहांचं वेड असलेली बहुतेक मंडळी मेघालयात जातात आणि बरोबरच आहे, तिथे चुनखडी आहे, क्रेम लियात प्राह ही गुहा ३० किलोमीटरच्या वर मोजून झालीय, वालुकाश्मातली क्रेम पुरी २४ किलोमीटरच्या वर आहे. आमच्याकडे काय, तर ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याचा बेसाल्ट, आणि त्या बेसाल्टच्या डोक्यावर जांभा. चुनखडी नाही म्हणून छतातून लोंबणारी झुंबरं नाहीत, फोटोत छान दिसेल असं जवळजवळ काही नाही. ग्रुपमधे नवीन कोणी आलं की आमचा लीडर हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर तोंडं वाकडी व्हायला नकोत. चिखल, घाम, वटवाघळांच्या लेंड्यांचा वास आणि खरचटलेली ढोपरं, यातलं काही आवडत असेल तर ये.

आता ज्या गुहेची ही गोष्ट आहे ती सिंधुदुर्गात, देवगड आणि कणकवलीच्या मधल्या पट्ट्यात, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या कडेला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे येईलच. गुहेच्या तोंडाशी महादेव आहे. जुनी माणसं सांगतात पूर्वी नुसता पाषाण होता आणि वर टांगलेली एक घंटा. आता स्टीलचं रेलिंग आहे, दोन ट्यूबलाइट आहेत, देणगीदारांच्या नावांची पाटी आहे, आणि पिंडीच्या मागे आठ-दहा पावलांवर एक लोखंडी ग्रिल, त्याला कुलूप. ग्रिलच्या अलीकडे देवस्थान. पलीकडे काळोख, ज्याच्याबद्दल गावात प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. कोणी म्हणतं ती वाट थेट समुद्राला निघते, कोणीतरी एकदा आत लिंबू सोडलं ते खाडीत मिळालं. कोणी म्हणतं काशीला जाते. महाराष्ट्रातली प्रत्येक गुहा काशीला जाते, मला कधीतरी काशीत जाऊन बघायचंय या सगळ्या वाटा नेमक्या निघतात कुठे.

आम्हाला त्या ग्रिलच्या पलीकडे जायचं होतं. सरपंचांना पत्र दिलं, देवस्थान कमिटीशी बोलणं झालं, वनखात्याकडे विचारणा झाली, जागा गावच्या हद्दीतली निघाली, कमिटीचं कुणाचंच काही ऑब्जेक्शन नव्हतं. पण कुलपाची किल्ली होती गुरवकाकांकडे आणि ते म्हणाले, "माजी काय हरकत नाय. पन देवाक इचारल्याशिवाय जावचा नाय."

म्हणजे कौल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या किंवा तुळशीची पानं लावतात आणि प्रश्न विचारतात, उजवीकडचं पान आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. लग्न, जमीन, बोअरवेल, गावच्या रहाटीतलं काहीही असो, कौलाशिवाय हलायचं नाही. आम्ही सगळे सकाळी आंघोळी करून, त्यावर निऑन रंगाचे हेल्मेट आणि नीपॅड्स हातात धरून ओळीनं उभे. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही जी तुजी लेकरां आज तुज्या पायाकडे इली हत, तेंका सुखरूप भितर ने आनि सुखरूप भायर हाड रे म्हाराजा!" आणि मागे जमलेली सगळी माणसं एकदम, "व्हय म्हाराजा!" आमच्यातल्या पुण्याच्या दोघांनीही अर्धा सेकंद उशिरा का होईना, व्हय म्हाराजा केलं.

पान पडेना. पाच मिनिटं गेली. लीडर मनातल्या मनात शेड्यूल जुळवत होता ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मी विचार करत होते की डावा कौल पडला तर आम्ही खरंच परत जाणार आहोत का? मला वाटतं गेलो असतो. जायलाच हवं होतं. पण पडलं उजवंच, आणि गुरवकाकांनी दुसरा प्रश्न आपणहून विचारला, "जितक्या लोकांक जावचा आसा तितके येकाच दिसात जाव देत काय?" त्यावर डावं पडलं. मग आम्ही निम्मे निम्मे झालो. गंमत म्हणजे सेफ्टीच्या हिशोबानंही तेच बरं होतं, अरुंद वाटेत फार माणसं नकोतच. आमचा नियम असा की कमीत कमी चौघं आत जायचं, एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं बाहेर मदत आणायला जातात, म्हणजे कुणीच काळोखात एकटं राहत नाही. प्रत्येकाकडे तीन वेगवेगळे दिवे. आणि बाहेर एका माणसाला वेळ सांगून ठेवायची, अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर फोन कर. तो बाहेरचा माणूस म्हणून गावातलेच एक आबा बसले, ग्रिलला टेकून, तंबाखू मळत. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे. म्हणाले सावली कळता माका.

ग्रिलच्या आतली पहिली पंधरा-वीस पावलं सोपी होती, वाकून चालता येत होतं आणि मागच्या ट्यूबलाइटचा उजेड येत होता. मग वाट डावीकडे वळली आणि तो उजेड कापल्यासारखा संपला. हा क्षण मला दर वेळी आवडतो आणि दर वेळी पोटात गोळाही येतो. हेडलॅम्पच्या उजेडात तुम्हाला तेवढंच दिसतं जिकडे तुम्ही बघताय, बाकी सगळं तुमच्या मागे उभं असतं.

सिनेमात गुहा थंड दाखवतात. गुहेच्या आतलं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं, म्हणजे युरोपात ती थंडगार असते आणि कोकणात उकडते, वर दमटपणा असा की चष्मेवाल्यांचे हाल. आमची जिऑलॉजीवाली चष्मा खिशात ठेवून अंदाजानेच चालत होती आणि तरी सगळ्यात जास्त तिलाच दिसत होतं. छत जांभ्याचं, घावणासारखं जाळीजाळीचं, आणि त्याच्या भोकांतून वरच्या सड्यावरच्या झाडांची मुळं खाली आलेली, केसांइतकी बारीक, टोकाला पाण्याचा थेंब. फेब्रुवारीत सड्यावर पाय पोळतात, गवत वाळून पिवळं झालेलं असतं, आणि त्याच्या बरोब्बर खाली हे पाणी.

मग सुरपटणं सुरू झालं. आधी हातागुडघ्यांवर, मग कोपरांवर, मग सरळ पोटावर, हेल्मेट बाजूला वळवून, सॅक पायाला दोरीनं बांधून मागून ओढत. जांभा फार वाईट दगड आहे हो. घर बांधायला सोन्यासारखा, खाणीतून काढताना मऊ, चिरा कापून उन्हावाऱ्यात ठेवला की कडक होतो, अख्खं कोकण त्याच्यावर उभं आहे, पण त्याच्यावरून पोटावर सरकायला गेलात की किसणी. माझ्या नवीन नीपॅडचं कापड तिथेच फाटलं. पुढचा थांबला की आपण थांबायचं, त्याचे बूट आपल्या नाकापासून वीतभर, आणि तेवढ्या वेळात डोकं नको नको ते विचार करतं, की आपल्या वर नेमका किती दगड आहे, सड्यावर आत्ता एखादा चिऱ्यांचा ट्रक तर उभा नसेल. अशा वेळी मी मोठ्यानं बोलायला लागते. त्या दिवशी मी सगळ्यांना कुळथाच्या पिठीची रेसिपी सांगितली, संपूर्ण, फोडणीसकट.

ती चिंचोळी वाट संपते तिथे खालची जमीन बदलते. जांभ्याच्या खाली पांढरट-पिवळी, मऊ, तेलकट लागणारी माती. जिऑलॉजीवाली तिथे अक्षरशः लोळली. तिच्या म्हणण्याप्रमाणे अख्खी गुहा कशी झाली त्याचं उत्तर त्या मातीत होतं, आणि तिनं तिथेच, पालथं पडल्या पडल्या, समजावलं. हजारो लाखो वर्षं बेसाल्टवर ऊन आणि धो धो पाऊस पडत राहिला, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, त्यातलं विरघळण्यासारखं सगळं पाण्याबरोबर निघून गेलं आणि वर उरलं लोखंड आणि अॅल्युमिनियम, तो झाला जांभा, वरचं कडक कवच. पण कवचाच्या खाली बेसाल्ट अर्धवट कुजून त्याची ही माती झालेली असते. जांभ्याला भोकं, त्यामुळे पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं, मातीत मात्र ते पटकन मुरत नाही, मग ते जांभा आणि माती यांच्या सांध्यातून आडवं धावतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. धावता धावता मातीचे कण नेतं. आधी बोटाएवढी नळी, मग हाताएवढी, मग माणूस जाईल एवढी. चुनखडीची गुहा दगड विरघळून होते, ही माती वाहून जाऊन. म्हणजे आपण ज्याला गुहा म्हणतो ती खरं तर पावसाळ्याची मोरी आहे आणि आपण ती कोरडी असताना आत शिरलोय. आईचा प्रश्न मला तेव्हा फारच आठवला.

सड्यावर चालताना काही ठिकाणी पाय आपटला की पोकळ आवाज येतो, लहानपणी आम्ही पोरं मुद्दाम नाचायचो तिथे आणि आजी वरून ओरडायची. त्या पोकळ आवाजाच्या आत बसून मी आता बिस्किट खात होते.

पुढे एक खोली लागली. चांगली उभं राहता येण्याजोगी, एका बाजूला छताचे चिरे गळून ढीग झालेला. इथे आल्यावर मात्र सगळ्यांच्या अंगात आलं. इथे कोण आलं असणार? आपणच पहिले! हे कोणी मोठ्यानं म्हणत नाही पण प्रत्येक जण म्हणत असतो. खाली बघितलं तर साळिंदराचे काटे, पांढरे-काळे, कितीतरी, आणि कुरतडलेली हाडं. साळिंदर हाडं खात नाही, कॅल्शियमसाठी आणि दात झिजवण्यासाठी कुरतडतं, बिळात गोळा करून ठेवतं. म्हणजे पहिले आम्ही नव्हतो, पण साळिंदर काही स्पर्धेत धरत नाहीत. मग लीडरचा उजेड छतावर गेला. तिथे काजळी होती. हातभर लांबीचा काळा पट्टा, आणि बरोबर खाली जमिनीवर चुडीचं जळकं टोक, माडाच्या सुक्या झावळ्या बांधून पेटवतात ना, ती चूड. कोणीतरी हेडलॅम्पशिवाय, नीपॅडशिवाय, हातात आग धरून त्या किसणीवरून आलं होतं.

आम्ही काही न बोलता सर्व्हे सुरू केला. सर्व्हे म्हणजे कंटाळवाणं काम, लेसर मीटरनं अंतर, होकायंत्रानं दिशा, उतार किती, एक जण आकडे ओरडतो आणि दुसरा पेन्सिलीनं वहीत लिहितो, पेन्सिलच, कारण चिखलात पेन चालत नाही. दर टप्प्याला थांबायचं, स्केच काढायचं, छत किती उंच, जमीन कशाची. नुसतं जाऊन आलं तर ती भटकंती, मोजून आलं तर काम, असं आमचा लीडर म्हणतो आणि बँकेत नोकरी करत असल्यामुळे त्याला ते शोभतं.

त्या खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून वारा येत होता. अगदी हलका, घामानं ओल्या मानेला कळेल एवढाच. ज्यांनी गुहा केल्यात त्यांना कळेल त्या वाऱ्याचा अर्थ काय, तो म्हणजे पुढे आहे, आणि बरंच आहे, कुठेतरी दुसरं तोंड आहे. सगळे तिकडे सरकलो. फट होती, आडवं पडून जाता आलं असतं. आमच्या वटवाघूळवाल्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं, दिवा लाल केला आणि डोकं आत घातलं. त्याच्याकडे ते छोटं यंत्र असतं, वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज खाली आणून ऐकवणारं. ते यंत्र नुसतं तडतडत सुटलं.

तो बाहेर आला आणि म्हणाला, कॉलनी आहे, मोठी. नाकावर नालाच्या आकाराची घडी असलेली जात, छताला ओळीनं. आता माद्या गाभण असल्या तर आपल्या उजेडानं आणि आवाजानं त्या उडतील, जागा सोडतील, पुढे पिल्लं झाल्यावर अशी धावपळ झाली तर पिल्लं खाली पडतात. नाही जायचं.

लीडर म्हणाला, कडेकडेनं?

नाही.

एकटा मी, दहा मिनिटं, लाल दिवा?

नाही रे.

मला वाटलं आता भांडण होणार. एवढ्या लांबून आलेलो, कौल लावून आत शिरलेलो, वारा मानेवर. पण लीडरनं वही घेतली आणि नकाशात त्या फटीच्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. नकाशात न बघितलेल्या वाटेपुढे प्रश्नचिन्हच काढायची पद्धत आहे. मग आम्ही वळलो. मला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम कुणी केलं विचाराल तर मी ते दोन वेळा नाही म्हणणं सांगेन.

वटवाघळांबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण त्यांच्याइतकी बदनामी कोणाचीच झालेली नाही. मार्च २०२० मधे पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यात निपाह विषाणूच्या अँटिबॉडीज मिळाल्या, २०२१ मधे बातमी आली आणि आमच्या प्रत्येकाच्या घरी फोन वाजले. अँटिबॉडी मिळणं म्हणजे साथ आली असं नव्हे. पण म्हणून निष्काळजीपणाही नको, वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते, ती फुप्फुसात जाते, त्यामुळे आत आम्ही एन-९५ लावतो आणि बाहेर आल्यावर कपडे वेगळ्या पिशवीत. आणि आपल्या कायद्यात १९७२ पासून फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी म्हणून होती, ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीनं निघाली. पन्नास वर्षं लागली. इकडे बेळगावच्या भीमगडच्या जंगलात बारापेडे नावाच्या गुहा आहेत, तिथे रॉटनचं वटवाघूळ म्हणून एक दुर्मीळ जात आहे आणि कित्येक दशकं ती जगाला जवळजवळ त्या एकाच ठिकाणावरून माहीत होती. एक गुहा गेली असती तर आपल्यापुरती जात गेली असती.

बाहेर आलो तेव्हा आबा होते तिथेच होते. "येळेत इलास," म्हणाले. आम्ही त्यांना चुडीचं विचारलं. ते आधी हसले, मग तंबाखू थुंकून आले, मग सांगितलं की ते दहा-बारा वर्षांचे असताना भावाबरोबर साळीच्या, म्हणजे साळिंदराच्या, मागे आत गेले होते. "आमी साळ धरूक गेलंव. साळ खय गावता! चूड इजली, मगे काळोखात बसलंव रडत. बापाशीन येवन काडल्यान, नि भायर हाडून असो मारल्यान!" हेल्मेट घातलेली मंडळी सगळी गप्प उभी होती. जिऑलॉजीवालीनं विचारलं, पुढे फटीच्या आत गेला होता का? नाही म्हणाले, थंय राखणदार आसा, बापाशीन सांगितल्यान थंय जावचा नाय.

राखणदारावर माझा विश्वास आहे की नाही हे मला नीट सांगता येणार नाही. पण आबांच्या वडिलांनी जिथे रेघ ओढली तिथेच आमच्या वटवाघूळवाल्यानं ओढली, आणि ती कॉलनी आज तिथे आहे ती त्या पहिल्या रेघेमुळे आहे, आमच्या नीपॅड्समुळे नव्हे. गावानं ही गुहा न मोजता, न बघता सांभाळली होती. ग्रिलसुद्धा त्याच परंपरेतली, फक्त वेल्डिंग केलेली.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, आणि त्यावर मीटिंग. गावातल्या तरुण पोरांना फोटो बघायचे होते. फोटो बघून झाल्यावर त्यातला एक म्हणाला, ताई, इथे लाइट टाकून, पायऱ्या करून, तिकीट लावलं तर? आंध्रात बेलमची गुहा आहे ना तशी. त्याला सगळं माहीत होतं, बेलम ३२२९ मीटर मोजलीय, त्यातली साधारण दीड किलोमीटर लोकांना उघडी आहे, दिवे आहेत, हवा आत सोडायची सोय आहे. मुंबईला सिक्युरिटीची नोकरी करून परत आलेला मुलगा. त्याचं म्हणणं चुकीचं अजिबात नव्हतं. "तुम्ही बघून गेलात. आमी काय करायचं, कुलूप राखायचं?"

आमच्यातला एक जण लगेच निसर्गावर भाषण द्यायला लागला, त्याला मी खूण करून बसवलं. ज्याच्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते त्याला निसर्गाचं भाषण देऊ नये.

पण जे खरं होतं ते सांगितलं. बेलम चुनखडीतली, तिचं छत वेगळं. जांभ्याचं छत चिऱ्या-चिऱ्यानं गळतं, तो ढीग आम्ही बघितला होता, पायऱ्यांसाठी ब्रेकर लावला की काय होईल ते कोणी सांगू शकणार नाही. आणि पावसात ती मोरी आहे. दिव्यांचंही तसंच. जिथे कधीच उजेड नव्हता तिथे दिवा लावला की त्याच्याभोवती हिरवं शेवाळ धरतं, जगभरच्या टुरिस्ट गुहांचं हेच दुखणं आहे. फ्रान्समधे लास्कोची गुहा १९४० मधे सापडली, हजारो वर्षं जुनी चित्रं, १९४८ मधे लोकांना उघडली आणि १९६३ मधे बंद करावी लागली, कारण येणाऱ्यांच्या श्वासानं आणि दिव्यांनी चित्रं खराब व्हायला लागली. आता लोक शेजारी केलेली नक्कल बघतात. आणि लांब कशाला, वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात जे खडक आहेत तिथल्या गुहेत पाकोळ्या लाळेनं घरटी करतात, त्या घरट्यांचं सूप होतं म्हणून चोऱ्या झाल्या, मग पहारा ठेवावा लागला. जागा माहीत होणं ही गोष्ट नेहमी चांगलीच असते असं नाही.

तो पोरगा ऐकत होता. मग म्हणाला, "मग सड्यावरची चित्रं? त्यांचं तर सगळे कौतुक करतात." हे मात्र बिनतोड होतं. ही कातळशिल्पं, सड्याच्या दगडात कोरलेली जुनी चित्रं, २०२२ मधे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यामुळे कितीतरी सडे चिरेखाणीत जायचे थांबतील अशी निदान आशा तरी आहे, ती बघायला कुडोपीला लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात. इथून फार लांब नाही त्या कोळोशीच्या गुहेत पुरातत्त्व खात्यानं खणलं तेव्हा दगडी हत्यारं मिळाली. म्हणजे न सांगितल्यानंही नुकसान होतं, चिरेखाणवाला कौल लावायला येत नाही. मला वाटतं उघड्यावरचं, सपाट, दगडात कोरलेलं दाखवावं, आणि जे श्वासानं बिघडतं ते दाखवू नये. त्याला हे पूर्ण पटलं नाही. मलाही रात्री अंथरुणात पडल्यावर ते तितकंसं पक्कं वाटेना.

नकाशाचं काय करायचं यावर आमच्याच ग्रुपमधे पुढे बरेच दिवस वाजलं. एकाचं म्हणणं ऑनलाइन टाकायचाच, नाहीतर मोजला कशाला. शेवटी दोन प्रती काढल्या, एक आमच्याकडे, एक देवस्थानच्या कपाटात, लोकेशन कुठेच टाकायचं नाही, आणि कोणाला द्यायचा ते कमिटीनं ठरवायचं. लीडरनं एवढा छान हातानं काढलेला नकाशा कुणालाच दिसणार नाही याचं त्याला वाईट वाटतं, ते दिसतं. तो मुलगा आता ग्रुपमधे आलाय, सर्व्हे शिकतोय, जिऑलॉजीवालीनं त्याला काम दिलंय की पावसाळ्यात सड्याच्या कडेचे झरे कधी सुरू होतात आणि पाणी गढूळ किती दिवस असतं ते वहीत लिहून ठेवायचं, त्यावरून आतली वाट अजून माती खातेय का ते कळेल. तो रोज फोटो पाठवतो, तारखेसकट.

कमिटीनंही निर्णय घेतला. ग्रिलच्या पलीकडे काही करायचं नाही, किल्ली गुरवांकडेच, ट्यूबलाइट रात्री बंद ठेवायच्या. ग्रिलच्या अलीकडे मात्र देणगी आलेलीच होती, ती परत कशी करणार, म्हणून टाइल्स बसल्या. पांढऱ्या, चकचकीत, बाथरूमला लावतात त्या. पहिल्या पावसात त्यांच्यावर कोण आधी आडवा होणार यावर गावात पैजा लागल्यात आणि जास्त पैसे गुरवकाकांवर आहेत.